यू-९९५ आणि यू-२५४० : एकाच गोदीतल्या दोन पाणबुड्या

हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीत बांधलेल्या या दोन जर्मन पाणबुड्यांच्या बांधणीत जेमतेम दीड वर्षाचे अंतर आहे. पण १९४३ची यू-९९५ ही खरे तर गरजेपुरती बुडी मारणारी बोट होती, तर १९४५ची यू-२५४० पाण्याखालीच राहण्यासाठी आखलेली होती. पहिलीचा वेग पृष्ठभागावर सुमारे १७ नॉट (ताशी १७ सागरी मैल) असला, तरी पाण्याखाली तो साडेसातच्या आसपास येई. दुसरीत बॅटऱ्यांची क्षमता कितीतरी वाढवल्यामुळे आणि डेकवरची तोफ काढून बाह्यांग गुळगुळीत केल्यामुळे ती पृष्ठभागापेक्षा पाण्याखाली अधिक वेगाने, म्हणजे सुमारे १७ नॉटने, जाऊ शके. टॉर्पेडो पुन्हा भरण्याचे जे काम यू-९९५वर खलाशी साखळ्या-कप्प्यांनी घाम गाळून करीत, ते इथे हायड्रॉलिक यंत्रणेकडे सोपवले होते.

मात्र प्रत्यक्ष लढली ती जुनीच. यू-९९५ने आर्क्टिक समुद्रात मोहिमा केल्या, युद्धानंतर ‘काउरा’ या नावाने नॉर्वेच्या नौदलात चाकरी केली आणि १९७२पासून ती कीलजवळच्या लाबो येथे किनाऱ्यावर उभी आहे. यू-२५४० एकही युद्धमोहीम न करता मे १९४५मध्ये तिच्याच खलाशांनी बुडवली; १९५७मध्ये ती वर काढून पश्चिम जर्मनीने ‘विल्हेल्म बाउअर’ या नावाने चाचण्यांसाठी वापरली. आता ती ब्रेमरहाफेनच्या जुन्या बंदरात तरंगते. अभियांत्रिकीची ओढ असणाऱ्याने हीच आधी पाहावी. खलाशांची दाटीवाटी समजून घ्यायची असेल, तर मात्र लाबोला पर्याय नाही.