मूडलमधील भूमिका आणि परवानग्या : ठाण्यातील एका क्लासच्या परीक्षा विभागातून

प्रश्नपत्रिका काढणारा, उत्तरे तपासणारा आणि निकाल जाहीर करणारा अशी तीन माणसे वेगळी असावीत, ही परीक्षेची जुनी शिस्त आहे. बोर्डाच्या उत्तरपत्रिका परीक्षकाकडून नियामकाकडे आणि तिथून मुख्य नियामकाकडे जातात, त्या याच शिस्तीपायी. चाचण्या संगणकावर आल्या की सर्वांत आधी सुटते ती हीच शिस्त, कारण बऱ्याच ॲपमध्ये शिक्षक आणि विद्यार्थी एवढेच दोन प्रकार असतात आणि शिक्षक म्हणून लॉगिन मिळालेल्या प्रत्येकाला सगळेच दिसते व बदलता येते. आमचा क्लास अकरावी-बारावी विज्ञानाचा असून त्याच्या नौपाडा आणि ऐरोली अशा दोन शाखा आहेत. त्यामुळे मूडल या ऑनलाइन शिकवणी व चाचण्यांच्या सॉफ्टवेअरची पारख करताना त्याचे रूप किंवा प्रश्नप्रकारांची संख्या यांपेक्षा भूमिका (म्हणजे एका प्रकारच्या वापरकर्त्याला मिळणाऱ्या परवानग्यांचा संच) व परवानग्यांची व्यवस्था मी अधिक बारकाईने पाहिली. हे परीक्षणही तेवढ्यापुरतेच मर्यादित आहे.

मूडल हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याची 1.0 ही आवृत्ती ऑस्ट्रेलियातील पर्थच्या मार्टिन डौगियामास यांनी ऑगस्ट 2002 मध्ये प्रसिद्ध केली आणि भूमिकांची सध्याची रचना 2006 मधील 1.7 या आवृत्तीपासून आली. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. सर्व्हरला आणि तो सांभाळणाऱ्या माणसाला पडतात. तुलनेसाठी गूगल क्लासरूम घेतल्यास तिथे मुख्य शिक्षक, सहशिक्षक, विद्यार्थी आणि पालक अशी ठरलेली मांडणी आहे, आणि वर्गच काढून टाकण्यासारख्या मोजक्या गोष्टी सोडल्या तर सहशिक्षकाला मुख्य शिक्षकाइतकेच अधिकार असतात. चार शिक्षकांच्या क्लासला एवढे पुरते. मात्र एकाच पेपरवर दोन शाखांतील माणसे काम करू लागली की कोणी काय बदलले यावरून धुसफूस सुरू होते.

मूडल बसवताच मॅनेजर, कोर्स क्रिएटर, टीचर, नॉन-एडिटिंग टीचर, स्टुडंट आणि गेस्ट या भूमिका आयत्या मिळतात. आपली स्वतंत्र भूमिका 'डिफाइन रोल्स' या पानावर घडवायची असते आणि नवख्या माणसाची छाती दडपते ती याच पानावर, कारण परवानग्यांची यादी शेकड्यांत आहे. सुरुवातीला प्रत्येक ओळीपुढे 'अलाउ'चा एकच चौकोन दिसतो. 'शो ॲडव्हान्स्ड' दाबले की 'नॉट सेट' (न ठरवलेले), 'अलाउ' (परवानगी), 'प्रिव्हेंट' (रोख) आणि 'प्रोहिबिट' (पक्की मनाई) असे चार रकाने उघडतात. ओळीच्या टोकाला धोक्याची छोटी चिन्हे आहेत. 'डिलीट क्विझ अटेम्प्ट्स' (क्विझ म्हणजे मूडलमधील चाचणी, अटेम्प्ट म्हणजे विद्यार्थ्याने ती सोडवण्याचा प्रयत्न) या ओळीपुढे माहिती कायमची नष्ट होण्याच्या धोक्याचे चिन्ह असते, तर काही ओळींपुढे वैयक्तिक माहिती उघड होण्याचे. ही चिन्हे वाचत वाचत भूमिका घडवली तर निम्मे काम आपोआप सुकर होते. पानाच्या वरच्या बाजूस असलेल्या गाळणीत (फिल्टरमध्ये) 'क्विझ' टाइप केले की यादी एका नजरेत मावते. ही सोय नसती तर हे पान कोणी पुरते वाचले असते असे मला वाटत नाही.

कोऱ्या पाटीवर भूमिका लिहू नये, हा माझा पहिला सल्ला. आमचा 'तपासनीस' आम्ही नॉन-एडिटिंग टीचरची नक्कल करून घडवला. या मूळ भूमिकेला क्विझचे अहवाल पाहता येतात व हाताने गुण देता येतात. प्रश्न बदलणे, विद्यार्थ्याचा प्रयत्न पुसणे किंवा एखाद्याला वाढीव वेळ देणे तिला जमत नाही, आणि तपासनीसाकडून आम्हाला नेमके एवढेच हवे होते. 'नियामक' ही भूमिका टीचरवरून घेतली आणि तिच्यातून प्रश्न लिहिण्याचे अधिकार काढून टाकले. भूमिकेला मराठी नाव देता येते, त्यामुळे ज्येष्ठ सरांना आपल्या नावापुढे 'नियामक' असे वाचून आपले काम काय हे विचारावे लागले नाही.

मूडलच्या या व्यवस्थेत खरा कस लागतो तो भूमिका घडवताना नाही, तर ती कुठे द्यायची हे ठरवताना. संपूर्ण साइट, विषयांचा गट, एक कोर्स, त्या कोर्समधील एक चाचणी आणि एक विशिष्ट व्यक्ती असे वेगवेगळे स्तर आहेत. वरच्या स्तरावर दिलेली भूमिका खाली झिरपत जाते. आमचे रसायनशास्त्राचे एक शिक्षक सकाळी नौपाड्यात आणि दुपारी ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून ऐरोलीत शिकवतात. त्यांना साइटच्या स्तरावर तपासनीस केले असते तर भौतिकशास्त्र आणि गणिताचे निकालही त्यांच्यापुढे उघडे पडले असते. रसायनशास्त्राच्या कोर्समध्ये ती भूमिका देऊन त्यांना दोन्ही शाखांच्या गटांत घातले की काम भागते. गट 'सेपरेट ग्रुप्स' या पद्धतीने ठेवल्यास ज्याच्याकडे 'ॲक्सेस ऑल ग्रुप्स' ही परवानगी नाही, त्याला फक्त आपल्या गटातील मुले दिसतात. नॉन-एडिटिंग टीचरला ही परवानगी मुळात नसते आणि टीचरला असते. शाखाप्रमुखांसाठी टीचरची नक्कल केल्यावर ही एक ओळ काढावीच लागते. नाहीतर ऐरोलीच्या प्रमुखांना नौपाड्याची गुणतालिका घरबसल्या मिळते आणि दोन शाखांमधली चुरस जरा जास्तच रंगते.

एकाच व्यक्तीकडे दोन भूमिका असतील तर मूडल प्रत्येक भूमिकेचा हिशेब स्वतंत्रपणे करते आणि एकीतूनही 'अलाउ' मिळाले तर परवानगी देते. म्हणजे एका भूमिकेत 'प्रिव्हेंट' ठेवून दुसरीतून मिळालेला अधिकार रोखता येत नाही. तो 'प्रोहिबिट'नेच रोखला जातो, आणि 'प्रोहिबिट' खालच्या कोणत्याही स्तरावर उठवता येत नाही. हे हत्यार जपून वापरावे. शिवाय साइट ॲडमिनिस्ट्रेटर या साऱ्याच्या बाहेर असतो. त्याच्यावर परवानग्यांचे कोणतेही बंधन चालत नाही. क्लासच्या मालकांना साहजिकच ॲडमिन व्हावेसे वाटते. त्यांना सर्व निकाल पाहता येतील अशी मॅनेजरवरून बेतलेली वेगळी भूमिका द्यावी आणि ॲडमिनचा पासवर्ड तांत्रिक काम करणाऱ्यापुरताच ठेवावा, असे मी सुचवेन.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो : तपासणी आणि निकाल यांची फारकत मूडलमध्ये कितपत होते? एमएचटी-सीईटीच्या धर्तीवरील बहुपर्यायी चाचण्यांसाठी क्विझ वापरावी लागते आणि तिथे उत्तर निराशाजनक आहे. विद्यार्थ्याला गुण व बरोबर उत्तरे कधी दिसावीत हे क्विझच्या सेटिंगमधील 'रिव्ह्यू ऑप्शन्स'वरून ठरते, आणि जो सेटिंग उघडू शकतो तो वेळ, प्रयत्नांची संख्या, पासवर्ड हे सर्व बदलू शकतो. केवळ निकाल जाहीर करण्याची अशी वेगळी परवानगी क्विझमध्ये नाही. बहुपर्यायी पेपर संगणकच तपासत असल्याने याची झळ कमी लागते, पण एवढ्या तपशीलवार व्यवस्थेत ही एक ओळ नसावी याचे आश्चर्य वाटते.

बोर्डाच्या धर्तीवरील लेखी पेपरला मात्र असाइनमेंट हा प्रकार वापरावा, आणि तिथे मूडल आपली उणीव सव्याज भरून काढते. भौतिकशास्त्राचा 70 गुणांचा पेपर मुले हाताने लिहितात आणि त्याची पीडीएफ चढवतात. सेटिंगमध्ये 'मार्किंग वर्कफ्लो' चालू केला की प्रत्येक उत्तरपत्रिकेला न तपासलेली, तपासणी चालू, तपासणी पूर्ण, पुनर्विलोकनात, जाहीर करण्यास तयार आणि जाहीर अशा अवस्था मिळतात. कोणाला कुठवर नेता येईल ते परवानग्यांवर ठरते. निव्वळ गुण देण्याचा अधिकार असलेला तपासनीस उत्तरपत्रिका 'तपासणी पूर्ण' इथपर्यंतच नेऊ शकतो. पुढची पायरी 'रिव्ह्यू ग्रेड्स' असलेल्याची आणि शेवटची 'रिलीज ग्रेड्स' असलेल्याची. पहिली परवानगी आमच्या नियामकाकडे आहे, दुसरी परीक्षा प्रमुखांकडे. शेवटची अवस्था येईपर्यंत विद्यार्थ्याला गुण दिसत नाहीत. 'अनॉनिमस सबमिशन्स' चालू केल्यास तपासनीसाला नावाऐवजी क्रमांक दिसतो आणि ओळख उघड करण्याची परवानगीही निराळी असते. बोर्डाच्या मॉडरेशनला बसलेल्या माणसाला हे पडद्यावर पाहून समाधान वाटेल.

प्रश्नपेढीच्या बाबतीत आवृत्ती पाहून निर्णय घ्यावा लागतो. एप्रिल 2025 मधील 5.0 या आवृत्तीपासून प्रश्नपेढी हा कोर्समधील स्वतंत्र घटक झाला असून साइटच्या किंवा विषयगटाच्या स्तरावरच्या जुन्या पेढ्या बंद झाल्या. परवानग्यांच्या दृष्टीने हा बदल सोयीचा आहे : प्रश्नपेढ्यांसाठी एक वेगळा कोर्स करावा, त्यात विषयवार पेढी ठेवावी आणि प्रश्नलेखकाला केवळ आपल्या पेढीवर भूमिका द्यावी. स्वतःचे प्रश्न आणि सर्वांचे प्रश्न यांसाठी पाहणे, वापरणे व बदलणे यांच्या जोडपरवानग्या आहेत. बाहेरून मानधनावर प्रश्न लिहून देणाऱ्यास फक्त 'स्वतःचे' दिले की त्याला इतरांचे प्रश्न हाती लागत नाहीत.

पालकांची भूमिका तयार मिळत नाही, ती घडवावी लागते. व्यक्तीच्या स्तरावरील भूमिका करून ती पाल्याच्या प्रोफाइलमधून पालकाला द्यायची, म्हणजे त्यांना फक्त आपल्याच मुलाची माहिती दिसते. कल्पना उत्तम, अंमल कंटाळवाणा. पालक एकामागून एक जोडत बसावे लागते आणि मोठ्या बॅचसाठी बाहेरचे प्लगइन (जोडसॉफ्टवेअर) शोधण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तरीही हे काम टाळू नये. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती मागतो. अकरावी-बारावीची बहुतेक मुले या व्याख्येत बसतात. मूडलच्या धोरण-सुविधेत (वापराची धोरणे दाखवून संमती घेण्याच्या सोयीत) पाल्याच्या वतीने संमती देण्याची वेगळी परवानगी आहे आणि ती पालकांच्या भूमिकेला जोडता येते.

भूमिका बरोबर बसली की नाही हे पाहण्यासाठी 'स्विच रोल टू' वापरण्याचा मोह होतो. ते वरवर पाहण्यापुरते ठीक आहे. ते कोर्सपुरतेच चालते आणि पालकांसारखी भूमिका त्यातून तपासता येत नाही. प्रत्येक भूमिकेचे एक चाचणी खाते उघडून त्यानेच लॉगिन करावे. अमुक शिक्षकाला अमुक चाचणीत काय करता येते याचे उत्तर 'चेक परमिशन्स' या पानावर ओळीनिहाय मिळते, आणि भूमिका कोणी कोणाला कधी दिली हे लॉगमध्ये राहते. "सर, मला एडिट का दिसत नाही?" असा फोन आला की मी आधी हे पान उघडतो.

एकट्या शिक्षकाच्या क्लासने या वाटेला जाऊ नये. दोन शाखा, सामाईक पेपर आणि बाहेरचे प्रश्नलेखक असतील, शिवाय या गोष्टींत लक्ष घालणारा एक कायमचा माणूस असेल, तर मात्र या व्यवस्थेचे चीज होते. भूमिका मोजक्याच ठेवाव्यात आणि त्या आधी चाचणीच्या साइटवर घडवून फाइलच्या रूपाने मुख्य साइटवर न्याव्यात; मूडलमध्ये तशी सोय आहे. मूडलच्या मोठ्या आवृत्त्या अलीकडे साधारण एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतात व त्यांच्यासोबत नव्या परवानग्याही येतात. आपली भूमिका ज्या मूळ प्रकाराला (टीचर, नॉन-एडिटिंग टीचर इत्यादी) बांधलेली असेल त्या प्रकाराप्रमाणे त्या तिला आपोआप मिळतात, आणि कोणत्याच प्रकाराला बांधलेली नसेल तर काहीच मिळत नाही. म्हणून नवी आवृत्ती चढवल्यावर पहिली चाचणी लावण्यापूर्वी तपासनीस आणि नियामक या दोन भूमिकांची पाने उघडून वाचावीत.