उदयपूरच्या सहलीतील जावर : पाऊण तासात उरकलेली दोन हजार वर्षे

सोलापुरातील एका सहल कंपनीबरोबर गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे मेवाडला जाऊन आलो. उदयपूरचे महाल आणि तलाव पूर्वी पाहून झाले होते. पत्रकाच्या शेवटून दुसऱ्या ओळीत ‘जावरच्या प्राचीन खाणी’ असे छापलेले वाचून आम्ही पैसे भरले.

बस, निवास व जेवण यांबद्दल तक्रार नाही. राजस्थानातही रोज सकाळी शेंगाचटणी आणि कडक भाकरी पानात आली, यावरून कंपनीला आपले गिऱ्हाईक नेमके ठाऊक आहे हे कळते. जावरला मात्र तिने अन्याय केला.

उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे 40 किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरांत हे ठिकाण आहे. तेथील खाणींत सापडलेल्या लाकडांच्या कालमापनावरून शिसे, चांदी व जस्ताचे हे खाणकाम दोन हजार वर्षांहून जुने ठरते, आणि मेवाडचे राजे महाराणा लाखा यांच्या कारकिर्दीत त्याला पुन्हा जोर आला. 1980च्या दशकात बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक ही खाणकंपनी यांनी मिळून येथे संशोधन केले, तेव्हा एका रांगेत बांधलेल्या भट्ट्या उजेडात आल्या. एकेका भट्टीत 36 मुशी, म्हणजे खनिज तापवायची मातीची भांडी, बसत असत.

वाटाड्याने हे आकडे बिनचूक सांगितले, पण एकाच दगडातून निघणाऱ्या दोन धातूंना दोन निराळ्या वाटा का लागतात, हे काही सांगितले नाही. शिसे 327 अंशांना वितळते; खनिज भाजून कोळशाबरोबर तापवले की जड शिसे तळाशी उतरते व मळी वर तरंगते. त्या शिशात चांदी असेल, तर ते हवेच्या झोतात तापवतात. शिशाचे मुरदाडशिंग, म्हणजे हवेशी संयोग होऊन बनलेले भस्म, होते आणि चांदी मागे उरते. जस्ताचे तसे नाही. ते 907 अंशांना उकळते आणि खनिजातून सुटण्यासाठी त्याहूनही अधिक उष्णता लागते, म्हणजे सुटता क्षणी त्याची वाफ होते आणि हवा लागली की ती वाफ जळून भस्म होते. म्हणून जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या बंद मुशी उलट्या लावून वाफ खालच्या थंड कप्प्यात उतरवली. रसशास्त्रातील, म्हणजे जुन्या भारतीय रसायनविद्येतील, ‘वृंताक मूषा’ ती हीच. वृंताक म्हणजे वांगे, हे भरल्या वांग्यांच्या गावातून गेलेल्या मंडळींना सांगितले असते, तर निम्मी बस मोबाइल खिशात ठेवून ऐकत बसली असती.

वापरून टाकलेल्या मुशींचे ढिगारे अजून आहेत, आणि गावकऱ्यांनी त्याच मुशी विटांसारख्या रचून घरांच्या भिंती उभारल्या आहेत. भाजून काचेसारख्या चकाकणाऱ्या त्या भिंतींपुढे मी थांबलो, तोच बसचा भोंगा वाजला. एवढ्या ठिकाणाला पाऊण तास, आणि परतताना संगमरवराच्या दुकानात दोन तास!

ज्यांना धातुकामाची आवड आहे, त्यांनी नोंदणी करतानाच जावरसाठी अर्धा दिवस मागून घ्यावा आणि पायात जाड तळव्याचे बूट घालावेत, कारण वाट खापरांची आहे. परत आल्यावर मी कंपनीच्या कार्यालयात हे सर्व सांगितले; तेथील गृहस्थांनी ते आदराने वहीत लिहून घेतले. यंदाचे पत्रक परवा हाती आले. जावर अजून शेवटून दुसऱ्याच ओळीत आहे.