रक्ततपासणीचं मशीन घेताना आम्ही कसे फसलो

आमच्या गावच्या धर्मादाय दवाखान्यासाठी 2022 साली रक्ततपासणीचं मशीन घेतलं आणि त्यात आम्ही सरळ सरळ फसलो. पैसे गावाचे होते. मुंबईत नोकरीला असलेल्या चाकरमान्यांनी शंभर-पाचशे करून जमवलेले. म्हणून सगळं आकड्यांसकट लिहितेय. कोकणात असे दवाखाने बरेच आहेत, देणगी देणारी मंडळंही आहेत, आणि आम्हाला मशीन विकणारा एजंट आज दुसऱ्या कुठल्या गावात फाईल उघडून बसला असेल.

मी मुंबईला मोठ्या सरकारी रुग्णालयात सिस्टर होते. निवृत्त झाल्यावर मालवण तालुक्यात खाडीकाठच्या आमच्या गावी आले आणि दवाखान्याची चिटणीस झाले. रुग्णालयात मशीन बंद पडलं की आम्ही एक फोन करायचो, माणूस यायचा, दुरुस्त करून जायचा. बिल कोण भरतं, किती भरतं, हे वॉर्डातल्या सिस्टरला कधी दिसतच नाही. विश्वस्तांना वाटलं सिस्टरना मशीनमधलं कळतं. मला मशीन चालवणं कळत होतं, विकत घेणं नव्हे.

मशीनची गरज खरीच होती. लावणी सुरू झाली की तापाचे रुग्ण वाढतात. लेप्टो काय, डेंग्यू काय, दोन्हीत प्लेटलेट उतरतात, आणि किती उतरल्या ते त्याच दिवशी कळावं लागतं. आमचे नमुने कणकवलीला जायचे. सकाळच्या गाडीने पाठवलं तर संध्याकाळी रिपोर्ट, गाडी चुकली तर दुसऱ्या दिवशी. दवाखान्यातच सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, व्हावी म्हणून सेल काउंटर घ्यायचं ठरलं.

दोन कोटेशनं आली. एक 3 लाख 60 हजारांचं. त्या माणसाने तीन वर्षांची वॉरंटी आणि पुढच्या पाच वर्षांचे सीएमसीचे, म्हणजे पार्टसकट देखभालीच्या कराराचे, दर लिहून दिले होते, आणि मशीन ओपन सिस्टिमचं होतं, म्हणजे तपासणीला लागणारं लिक्विड कुठल्याही चांगल्या कंपनीचं चालणारं. दुसरं 2 लाख 85 हजारांचं. 75 हजारांचा फरक बघून सभेत दहा मिनिटांत निर्णय झाला. दुसऱ्या कोटेशनवाल्याने सांगितलं होतं, "मॅडम, तीन वर्षं काही बघायचं नाही, सर्व्हिस फ्री. बारा रुपयांत एक रिपोर्ट निघेल." आम्ही ते ऐकलं, लिहून घेतलं नाही.

मशीन एप्रिल 2022 मध्ये आलं. इंजिनीअर मुंबईहून यायचा होता, तो जूनच्या शेवटी आला. गणपतीला मुंबईकर आल्यावर उद्घाटन झालं, देणगी देणाऱ्या मंडळाच्या नावाची संगमरवरी पाटी भिंतीला लागली. पहिलं वर्ष बरं गेलं, पण लिक्विडाचा हिशेब तेव्हाच चुकायला लागला होता. डायल्युएंटच्या, म्हणजे रक्त पातळ करायच्या लिक्विडाच्या, 20 लिटरच्या कॅनमधून सहाशेच्या वर नमुने निघतील असं सांगितलं होतं, कारण एका नमुन्याला साधारण 30 मिली लागतं. पण मशीन सकाळी चालू करताना स्वतःला धुतं, रिकामी चाचणी करतं, संध्याकाळी बंद करताना पुन्हा धुतं. आमच्याकडे दिवसाला सरासरी सात नमुने. सात नमुन्यांना 210 मिली आणि नुसतं चालू-बंद करायला 250. कॅन कामाच्या 43 दिवसांत संपायचा, नमुने तीनशेच व्हायचे. शहरातल्या लॅबमध्ये दिवसाला शंभर नमुने होतात, तिथे धुण्याचा खर्च कोणाला जाणवत नाही. आमच्यासारख्या लहान ठिकाणी तोच मोठा.

त्याशिवाय लाईस (लाल पेशी फोडणारं लिक्विड), क्लीनर, आणि मशीन बरोबर मोजतंय का हे बघायचं कंट्रोल रक्त. कंट्रोलची बाटली उघडली की थोड्याच दिवसांत वापरावी लागते, मग नमुने सात असोत की सातशे. वर्षअखेर वही काढली तर लिक्विडावरच 75 हजार गेलेले. 2100 नमुन्यांवर वाटले तर एका रिपोर्टला जवळजवळ 36 रुपये. आम्ही रुग्णाकडून 50 घेत होतो, त्यात टेक्निशियनचा पगार कुठून निघणार? दुसऱ्याकडून स्वस्त लिक्विड घ्यावं म्हटलं तर मशीन ते स्वीकारेना. बाटलीबरोबर एक कार्ड येतं, ते दाखवल्याशिवाय लिक्विड चालत नाही, आणि कार्ड फक्त त्याच एजंटकडे. दुसऱ्या वर्षी त्याने दर वाढवले, आम्ही मुकाट्याने भरले.

एप्रिल 2023 मध्ये एक भयंकर गोष्ट लक्षात आली. सकाळच्या रिकाम्या चाचणीत, म्हणजे रक्त न घालता, मशीन प्लेटलेट 38 हजार दाखवत होतं. तिथे दहा हजारांच्या आत आकडा यायला हवा. याचा अर्थ ज्याच्या प्लेटलेट 60 हजार आहेत त्याला आम्ही लाखाच्या आसपास सांगून घरी पाठवलं असतं. हे मशीन बारीक भोकातून एकेक पेशी जाताना विजेत पडणारा फरक मोजतं, त्यामुळे विजेतली खरखरसुद्धा त्याला प्लेटलेट वाटते. फोनवर इंजिनीअर म्हणाला, अर्थिंग बघा. ते त्याचं बरोबर निघालं. जांभ्याच्या जमिनीत चैत्र-वैशाखात ओल राहत नाही, अर्थिंग उतरतं. नवीन खड्डा खणला, कोळसा-मीठ भरलं, उन्हाळाभर रोज बादलीभर पाणी ओततो. खर्च आमचा. पण कोकणात मशीन बसवताना हे आधी सांगणं विकणाऱ्याचं काम नव्हतं का? खोलीत एसी लागेल, ऑनलाईन यूपीएस लागेल, खाऱ्या दमट हवेत बोर्ड गंजतात, यातला एक शब्द कोटेशनमध्ये नव्हता.

मे महिन्यात पंप गेला. मी फोन केला, "तीन वर्षं फ्री म्हणाला होतात." उत्तर आलं, "मॅडम, बिलाच्या मागे वाचा." मागच्या बारीक अक्षरांत वॉरंटी एक वर्षाची होती, आणि ती बसवल्यापासून नाही, बिलाच्या तारखेपासून. म्हणजे खोक्यात पडून राहिलेले दोन महिनेही मोजले गेले. नळ्या, पंप, प्रोब, सिरिंज हे सगळं वॉरंटीबाहेर. ओलावा आणि व्होल्टेजमुळे झालेलं नुकसानही वॉरंटीबाहेर. मग कोकणात उरलं काय? "सर्व्हिस फ्री" म्हणजे इंजिनीअरची मजुरी फ्री. त्याचं येणं-जाणं, राहणं, पार्ट सगळं आमच्यावर. पार्टसकट करार, म्हणजे सीएमसी, वर्षाला 42 हजार आणि वर 18 टक्के जीएसटी. तो झेपेना म्हणून पार्ट सोडून असलेला एएमसी केला, जीएसटी धरून 21,240. पंप आणि सिरिंजचे 24,300, इंजिनीअरच्या दोन फेऱ्यांचे 13,000. वाचवलेल्या 75 हजारांतले 58,540 तिथेच संपले.

जुलै 2024 मध्ये, ऐन पावसात, मेन बोर्ड गेला. शेतातून थेट आलेली एक बाई समोर बसलेली, डोळे लाल, पोटऱ्या धरून कण्हत होती, आणि स्क्रीन काळी. डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न बघता तिला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पाठवलं, ती बरी होऊन आली. पण त्या दिवशी मला आमचं मशीन काय कामाचं हे कळलं.

बोर्डाचे 96 हजार सांगितले, आणि आठच दिवसांत तोच एजंट म्हणाला, "बोर्ड आता मिळत नाही, त्यापेक्षा नवीन मशीन घ्या, जुन्याचे 25 हजार देतो." माझ्या मनात पाल चुकचुकली. मशीन भिंतीला लावून ठेवलेलं होतं. टेक्निशियनला घेऊन ते ओढलं. मागे एक लहान पट्टी, तिच्यावर बुरशीचा थर. स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. उत्पादनाचं वर्ष 2018. आम्ही 2022 मध्ये "नवं कोरं" म्हणून घेतलेलं मशीन चार वर्षं कुठल्या तरी गोदामात होतं. सिरीयल नंबर घेऊन कंपनीच्या मुख्य कार्यालयात फोन केला. त्यांनी नीट सांगितलं: हे मॉडेल आमच्या खरेदीच्या आधीच बंद केलंय, पार्ट ठराविक काळच पुरवले जातात, आणि तो एजंट आता त्यांचा अधिकृत विक्रेता नाही. त्याने दाखवलेल्या अधिकारपत्राची मुदत आमच्या बिलाच्या तारखेआधीच संपलेली होती. पत्राची प्रत फाईलमध्ये दोन वर्षं होती. तारीख कोणी पाहिली नव्हती.

आमच्या आबांनी, वयाने सगळ्यात मोठ्या विश्वस्तांनी, एवढंच म्हटलं, "पैशे गेले ते गेले, पण मुंबयकारांक काय सांगतलास?" मी मंडळाला खरं ते लिहून कळवलं. ते चिडले नाहीत, पण पुढच्या देणगीआधी हिशेब मागितला. तो त्यांचा हक्कच आहे.

नंतर मी जरा वाचलं. अनेक सरकारी रुग्णालयांच्या निविदांत वॉरंटीनंतरच्या वर्षांचा सीएमसीचा दर सुरुवातीलाच भरून घेतात आणि तो मशीनच्या किमतीत मिळवून मगच स्वस्त कोण ते ठरवतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली वैद्यकीय उपकरणांच्या देणगीविषयी जे मार्गदर्शन काढलं, त्यातही वापरायचं सामान, पार्ट आणि देखभाल यांची सोय देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधी ठरवावी असं आहे. आमच्याकडे देणगी नेहमी मशीनला मिळते, कारण मशीनवर पाटी लागते. लाईसच्या बाटलीसाठी कोणी देणगी दिलेली मी पाहिली नाही.

यंदा दुसरं मशीन घ्यायचंय. या वेळी आधी एक कागद तयार केला आणि तीन एजंटांना दिला. उत्पादनाचं वर्ष आणि सिरीयल नंबर बिलावर हवा. वॉरंटी मशीन बसवून चालू केल्याच्या दिवसापासून हवी, आणि कुठले पार्ट तिच्याबाहेर ते नावानिशी हवं. पंप, प्रोब आणि मेन बोर्डाची आजची किंमत लिहा. पार्ट किती वर्षं मिळतील याचं पत्र कंपनीचं हवं, एजंटचं नको. इंजिनीअर कुठून येणार, किती दिवसांत. दिवसाला सात नमुने धरून वर्षाचं लिक्विड किती रुपयांचं. तिघांतले दोघे परत आले नाहीत. तिसऱ्याने सगळं लिहून दिलं, त्याचं मशीन 4 लाख 10 हजारांचं आहे, आणि पाच वर्षांचा खर्च धरला तर तेच स्वस्त पडतंय. मंडळाने या वेळी देणगीतले दीड लाख देखभालीसाठी वेगळे ठेवायला सांगितलेत.

तो कागद मराठीत आहे, दवाखान्यात ठेवलाय. मालवण, देवगड, कणकवलीकडचं कोणी असं काही घेत असेल तर नक्कल घेऊन जा. आणि हातात कोटेशन असेल तर तेही आणा, बिलाच्या मागची बाजू दोघं मिळून वाचू. सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते एक मी तिथेच असते.