बोलोन्यातल्या फूड टूरमध्ये झालेली फसवणूक: शाकाहारी मंडळींनी बुकिंगआधी वाचा

इटलीतल्या बोलोन्या शहरात आम्ही पायी फिरत खाण्याची टूर घेतली आणि त्यात आमची सरळसरळ फसवणूक झाली. पैसे गेले ते गेलेच. पण आधी लेखी कबूल करूनही माझ्या माळकरी सासूबाईंना डुकराची चरबी घातलेला पाव खायला दिला, हे मला अजून सहन होत नाही. आता मराठी घरांतून कितीतरी लोक सुट्टीत इटलीला जातात, बरोबर आईवडिलांना नेतात. म्हणून सगळं तपशिलात लिहिते.

माझी नणंद म्युनिकला असते. तिथून बोलोन्याला थेट रेल्वे आहे. आम्ही दोघं आणि आई (म्हणजे सासूबाई) असे तिघं गेलो. आईंच्या गळ्यात लग्नाआधीपासून तुळशीची माळ आहे. अंडंसुद्धा चालत नाही. पण नवी गावं, बाजार, दुसऱ्यांची स्वयंपाकघरं बघायची त्यांना भारी हौस. बोलोन्यात पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकाच्या मागे क्वाद्रिलातेरो नावाचा जुना बाजार आहे. मध्ययुगापासूनच्या अरुंद गल्ल्या, एकीकडे मासळी, एकीकडे भाजी, मधूनच ताजा पास्ता लाटणाऱ्या बायका. हे सगळं आईंना कुणीतरी जाणकाराने दाखवावं, एवढ्यासाठी टूर घ्यायची होती.

बोलोन्या हे मांसाहाराचं माहेरघर आहे, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. मोर्तादेल्ला इथलंच, म्हणजे डुकराच्या मांसाचा, मधे चरबीचे पांढरे चौकोन असलेला जाडजूड सॉसेज. तोर्तेल्लिनी, म्हणजे सारण भरलेला छोटा पास्ता, त्याच्या सारणाची कृती तर 1974 साली इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवलेली आहे. त्यात डुकराचं मांस, प्रोशुत्तो (खारवून सुकवलेलं हॅम) आणि मोर्तादेल्ला तिन्ही येतात. शिवाय या भागातला ताजा पास्ता अंड्यातच मळतात, साधारण 100 ग्रॅम मैद्याला एक अंडं. पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट घालून करतात, त्यामुळे आई तेही खात नाहीत. इटालियन माणसाच्या लेखी ‘शाकाहारी’ म्हणजे फक्त मांस-मासे नाहीत, अंडं आणि चीज चालतंच.

म्हणूनच पैसे भरण्याआधी मी टूरवाल्यांना मेसेज केला होता. एका व्यक्तीला मांस, मासे, अंडं, कुठलीही प्राण्यांची चरबी आणि रेनेटचं चीज चालत नाही. जमणार नसेल तर स्पष्ट सांगा, आम्ही दोघांचंच बुकिंग करू. उत्तर आलं की काहीच अडचण नाही, आईंसाठी प्रत्येक थांब्यावर वेगळी व्यवस्था असेल. त्यांच्या पानावर लिहिलं होतं: जास्तीत जास्त दहा माणसं, सहा थांबे, शेवटी बसून पूर्ण जेवण, वाईनसकट. माणशी 75 युरो. आम्ही तिघांचे 225 युरो क्रेडिट कार्डाने भरले.

सकाळी नेपच्यूनच्या कारंज्यापाशी जमलो तर पंचविसाच्या वर माणसं. तिघा-चौघांनी वेगवेगळ्या नावांच्या टूर बुक केलेल्या, आणि सगळे एकाच गाइडच्या गळ्यात. त्याच्याकडे ओळखपत्र नव्हतं. इटलीत टूरिस्ट गाइड हा परवान्याचा व्यवसाय आहे, 2023 साली त्यासाठी नवा कायदा करून देशपातळीवरची यादीही ठरवली आहे. मी ओळखपत्राबद्दल विचारलं तर तो हसून पुढे चालायला लागला.

पहिले थांबे म्हणजे दुकानांचे काउंटर. चीजच्या दुकानात प्रत्येकाला नखाएवढा तुकडा, मोर्तादेल्लाच्या दुकानात टूथपिकवर एक चौकोन. हे तुकडे त्या दुकानांत येणाऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला फुकट देतात. आमच्या शेजारी एक आजोबा पिशवी घेऊन सहज आत आले, त्यांनाही दिला. पानावरच्या सहा थांब्यांपैकी तीन असे गेले. आईंच्या वाट्याला दोन ऑलिव्ह आले. त्या मात्र छताला टांगलेली हॅमं आणि चीजची चाकं कौतुकाने बघत होत्या, काही बोलल्या नाहीत.

चौथ्या थांब्यावर तिजेल्ले आले. तिजेल्ले म्हणजे मोदेनाच्या डोंगराकडचा गोल, चपटा, गरमागरम पाव. मधे कापून आत काहीतरी भरून देतात. आईंना त्याने नुसता पाव दिला, वर भाजलेली वांगी. आईंनी माझ्याकडे बघितलं, “अगं, ह्यात काही नाही ना?” मी गाइडला पुन्हा विचारलं, अंडं, चरबी, काही आहे का? “नो, नो, ओन्ली फ्लार, वॉटर, सॉल्ट.” आईंनी खाल्लं. आवडलंही.

पैसे द्यायच्या काउंटरवर त्याच तिजेल्लेची विकायला ठेवलेली पाकिटं होती. निघण्याआधी मी इटालियनमधले काही शब्द फोनमध्ये लिहून घेतले होते: स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी, उओव्हा म्हणजे अंडी, कालियो म्हणजे रेनेट. पाकीट उलटं करून वाचलं. मैदा, दूध, स्त्रुत्तो, यीस्ट, मीठ. मी गाइडच्या समोर पाकीट धरलं. तो म्हणाला, “इट इज व्हेरी लिटल.” दुकानातल्या बाईंना मी तो शब्द दाखवून विचारलं, तर त्यांनी लगेच मान डोलावली आणि त्यांचा चेहराच पडला. आईंना कुणी असं सांगितलंय हे त्यांना माहीतच नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं याबद्दल मला शंका नाही.

आईंना सांगावंच लागलं. त्या रस्त्याकडेच्या कमानीखाली बसल्या, माळेला हात लावला, थोडा वेळ डोळे मिटले. मग म्हणाल्या, “माझ्या मनात नव्हतं, पांडुरंगाला कळतं. पण त्या मुलाने विचारल्यावर खोटं का सांगितलं?” या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यानंतर त्यांनी दिवसभर पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

इथे एक गोष्ट माहीत असलेली बरी. युरोपात 14 ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते. त्यात अंडं आणि दूध आहे, डुकराची चरबी नाही. म्हणजे रेस्टॉरंटच्या मेन्यूवर ॲलर्जीची खूण नाही म्हणून पदार्थ चरबीविना आहे असं धरून चालता येत नाही. तिजेल्ले, पियादिना (चपटी पोळी), तळलेला न्योक्को (पिठाचा फुगलेला तुकडा) या सगळ्यांत चरबी घालायची तिथली जुनी रीत आहे. तेलात केलेलेही मिळतात, पण विचारूनच घ्यावे लागतात. पाकीटबंद असेल तर मागे घटक छापलेले असतातच.

आम्ही तिथेच निघणार होतो. गाइड म्हणाला, पुढे जेवण आहे, मी स्वतः आचाऱ्याशी बोलतो. जेवणाचे पैसे आधीच भरलेले होते, म्हणून थांबलो.

जेवणाआधी एका व्हिनेगरच्या दुकानात नेलं, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. दार लावून घेतलं, सगळ्यांना चिनीमातीच्या चमच्यांत काळं, दाट, गोड-आंबट काहीतरी चाखायला दिलं. गाइडने सांगितलं, हे 30 वर्षं मुरवलेलं पारंपरिक बाल्सामिको आहे, बाहेर 160 युरो, आपल्या ग्रुपसाठी आज 110. 250 मिलिलिटरची बाटली, लाखेचं सील, रिबीन, वर आकडा ‘30’. ह्यांनी नणंदेसाठी एक घेतली. कार्ड मशिनवर दुकानदाराने आम्हाला न विचारताच रुपयांत रक्कम निवडली. असं केलं की दर मशिनवाला ठरवतो आणि तो बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो. परदेशात मशिनवर नेहमी युरोच निवडायचा, आणि कुणी परस्पर रुपये दाबले तर व्यवहार रद्द करायला लावायचा. निघताना काउंटरच्या टोकाला एक मुलगी वहीत आमच्या ग्रुपची एकूण विक्री लिहीत होती आणि गाइड त्यापुढे सही करत होता. तेव्हा ही सगळी फेरी कशासाठी होती ते लख्ख कळलं.

जेवण म्हणजे एका रेस्टॉरंटमधलं राखून ठेवलेलं लांब टेबल. गाइड सगळ्यांना बसवून, आचाऱ्याशी बोलून येतो म्हणाला आणि परत आलाच नाही. आईंसमोर रिकोत्ता (मऊ ताजं चीज) भरलेले तोर्तेल्लोनी आले, म्हणजे अंड्याचा पास्ता आणि वर किसलेलं पार्मिजानो. त्यांनी ताट हळूच बाजूला सारलं. शेवटी वेटरने प्रत्येक कुटुंबाला वेगळं बिल आणून दिलं. रेस्टॉरंटच्या म्हणण्याप्रमाणे टूरवाल्यांनी फक्त टेबल राखलं होतं. बिलात माणशी 3 युरो कोपेर्तो, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार. तो इटलीत पुष्कळ ठिकाणी लावतात आणि मेन्यूवर लिहिलेला असेल तर त्यात गैर काही नाही. पण ‘पूर्ण जेवण, वाईनसकट’ याचे पैसे आम्ही आधीच दिले होते, ते पुन्हा दिले. एक अमेरिकन जोडपं भांडत राहिलं. वेटर बिचारा तेच तेच सांगत होता.

दुसऱ्या दिवशी मोदेनाला गेलो, बोलोन्याहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत. तिथे एका कुटुंबाने घराच्या माळ्यावर बाल्सामिको मुरवायची पिंपं ठेवली आहेत. लहान-लहान होत जाणाऱ्या पिंपांची एक रांग असते, ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर अशा वेगवेगळ्या लाकडांची. दरवर्षी सगळ्यात लहान पिंपातून थोडंसं काढायचं, त्याच्या आधीच्या पिंपातून ते भरायचं, असं मागे मागे जात मोठ्या पिंपात द्राक्षांचा नवा शिजवलेला रस ओतायचा. त्या घरातल्या बाईंना आम्ही आमची बाटली दाखवली. त्यांनी चष्मा लावला, बाटली फिरवली आणि मागच्या लेबलवर बोट ठेवलं. घटक: द्राक्षांचा शिजवलेला रस, वाईन व्हिनेगर, रंगासाठी कॅरमेल. पुढे बारीक अक्षरात ‘कॉन्दिमेन्तो’, म्हणजे नुसतं चवीला घालायचं काहीतरी.

बाईंनी जे समजावलं ते इटलीतून बाटली आणणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल. खऱ्या ‘आचेतो बाल्सामिको त्रादित्सिओनाले दि मोदेना’मध्ये एकच घटक असतो, शिजवलेला द्राक्षरस. व्हिनेगर नाही, रंग नाही. ते किमान 12 वर्षं मुरवलेलं असतं, आणि 25 वर्षांच्या वरचं असेल तर त्यावर ‘एक्स्त्राव्हेक्यो’ लिहितात. ते फक्त 100 मिलिलिटरच्या एकाच आकाराच्या बाटलीत विकायची परवानगी आहे. खाली चौकोनी बैठक, वर गोल पोट अशी ती बाटली जोर्जेत्तो जुजारो या मोटारींच्या प्रसिद्ध डिझायनरने घडवलेली आहे. तेव्हा 250 मिलिलिटरची बाटली पारंपरिक असूच शकत नाही, मग तिच्यावर कितीही मोठा आकडा असो. नुसतं ‘आचेतो बाल्सामिको दि मोदेना’ हे निराळं, त्यात वाईन व्हिनेगर असतं आणि 60 दिवस मुरलं तरी पुरतं. सॅलडवर ते चांगलंच लागतं, पण त्याची किंमत वेगळी. आमच्या बाटलीसारखं कॉन्दिमेन्तो आम्हाला त्याच संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये 14 युरोला दिसलं.

भारतात परतल्यावर कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली. ‘सांगितल्याप्रमाणे सेवा मिळाली नाही’ या कारणाखाली व्यवहारावर वाद नोंदवता येतो. मुदत मर्यादित असते, बहुतेक वेळा 120 दिवसांच्या आसपास, म्हणून उशीर करू नका. आमच्याकडे टूरच्या पानाचे स्क्रीनशॉट होते, चरबी-अंड्याबद्दलचा मेसेज आणि त्यावरचं उत्तर होतं, तिजेल्लेच्या पाकिटाचा आणि रेस्टॉरंटच्या बिलाचा फोटो होता. टूरवाल्यांनी उलट लिहिलं की तुम्ही हजर होतात, सगळीकडे खाल्लंत. बँकेने मेसेज आणि बिल ग्राह्य धरलं आणि 225 युरो परत आले. त्यांच्या पानावर पत्ता नव्हता आणि ‘पार्तीता इव्हा’ही नव्हता. हा 11 आकडी कर-क्रमांक इटलीतल्या धंदेवाल्यांना वेबसाइटवर लावावा लागतो, आणि बऱ्याच जणांचा युरोपियन युनियनच्या व्हिएस या साइटवर तपासता येतो. क्रमांकच नसेल तर पैसे भरू नका.

व्हिनेगरचे पैसे आले नाहीत. बाटलीवर कॉन्दिमेन्तो छापलेलं आहे, 30 वर्षं हे फक्त तोंडी सांगितलं गेलं, आणि कार्डाचा पिन आम्ही स्वतः टाकला. तोंडी दाव्यावर बँक काही करू शकत नाही. विक्रेता जे बोलतोय ते बाटलीवर कुठे लिहिलंय ते दाखव म्हणायचं, आणि नाही दाखवलं तर बाटली काउंटरवर ठेवून बाहेर पडायचं.

आईंबरोबर जाणार असाल तर बोलोन्यात टूरशिवायही फिरता येतं. व्हिया उगो बास्सीवरच्या मेर्कातो देल्ले एर्बे या बाजारात आम्ही नंतर एकटेच गेलो. फळं, टोमॅटो, भाजलेल्या सिमला मिरच्या, आणि एका बेकरीत ऑलिव्ह तेलातला पाव. आईंनी फोनवरचा ‘स्त्रुत्तो’ शब्द स्वतःच बेकरीवाल्याला दाखवला. त्याने बोट हलवून नाही म्हटलं आणि आतून पिठाच्या घटकांचा कागद आणून पुढे ठेवला.