हलगी अंगणात तापली, सभागृहात बुजली
गेल्या शनिवारी रात्री घरातील पाच जण मिळून कोल्हापुरातील एका सभागृहात लोककलांचा कार्यक्रम पाहून आलो. तिकीट माणशी तीनशे रुपये होते आणि अडीच तासांत गोंधळ, गण, गवळण, पोवाडा, धनगरांचे गजनृत्य व लावणी पाहायला मिळाली. पैसे वसूल झाले, हे आधीच सांगून टाकतो.

तरीही रात्रीचा सर्वांत रंगतदार भाग तिकिटात धरलेला नव्हता. कार्यक्रमापूर्वी आवाराच्या कोपऱ्यात वादकांनी रद्दीचा जाळ करून हलग्या शेकायला घेतल्या होत्या. दमट हवेने कातडे सैल पडले की आवाज दबतो, म्हणून हलगी जाळावर फिरवायची, टिचकी मारून पाहायची आणि पुन्हा जाळावर धरायची. चौथ्या-पाचव्या टिचकीला असा कडक आवाज निघाला की आयुष्यभर कुस्तीची मैदाने पाहिलेले माझे सासरे हातातला चहा तसाच ठेवून उठले.

आत मात्र हीच हलगी ध्वनिवर्धकाच्या गोंगाटात बुडाली. ढोलकीचे तर फारच वाईट वाटले. फडाच्या लावणीत घुंगरू आणि ढोलकी यांची जी चढाओढ चालते, ती उजव्या हाताची कडक चाट आणि डाव्या बाजूचा खोल घुमारा वेगवेगळे ऐकू आले तरच कळते. येथे दोन्हींचा एकच गलका होत होता आणि त्यावर कीबोर्डची फोडणी. शाहू महाराजांनी उभारलेल्या, १९१५ पासूनच्या केशवराव भोसले नाट्यगृहात २०२४ च्या आगीपूर्वी ऐकलेली ढोलकी कानात असल्यामुळे हे अधिकच खुपले असावे.

गोंधळात संबळ घुमू लागला, अंबाबाईचे नाव आले आणि निम्म्या प्रेक्षकांचे हात आपोआप जोडले गेले. गवळणीतील मावशीने रस्त्यांच्या खड्ड्यांवरून हशा घेतला. पोवाडा उरकल्यासारखा वाटला. गजनृत्य चोख होते, पण पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याच्या उधळणीत ढोल ऐकलेल्याला रंगमंच अपुराच वाटणार.

बैठकीच्या लावणीने मात्र सारी कसर भरून काढली. पेटी आणि तबला एवढीच साथ, आवाजही सुदैवाने कमी केलेला. गायिकेने बसल्या जागी एकच ओळ पुन्हा पुन्हा घेतली. पहिल्यांदा रुसवा, मग आर्जव, आणि तिसऱ्यांदा नुसते पदराचे टोक बोटाला गुंडाळत नजर खाली नेली. तोवर शिट्ट्या मारणारी मागची पोरेही गप्प झाली.

जाणाऱ्यांनी पुढच्या रांगेचा मोह टाळावा, कारण दोन्ही कर्णे तिकडेच रोखलेले आहेत. कार्यक्रम नऊला असला तरी साडेआठलाच पोहोचावे. हलगीचा जाळ तेव्हा पेटतो.