परदेशातून जुनी गाडी आणायची: रोरो की कंटेनर?

गाडी पसंत पडलीय पण जहाजाने कशी आणायची यावर अडलाय ना, मग एजंट काय सांगतो ते सोडा आणि आधी आपल्या देशाचा गाडीच्या वयाचा नियम बघा, कारण अमेरिकेत साधारण २५ वर्षं आणि कॅनडात १५ वर्षं झाली की जुन्या गाडीचं बरंच सोपं होतं, ते नसेल तर पुढचं सगळं वाया.

खर्चात एका गाडीसाठी रोरो, म्हणजे गाडी चालवतच जहाजावर चढवायची पद्धत, बहुतेक वेळा स्वस्त. कंटेनरमध्ये गाडी चढवणं, बांधणं, उतरवणं याचे वेगळे पैसे लागतात, पण दोनतीन जणांनी मिळून घेतला तर फरक बराच कमी होतो.

आता गाडीची हालत, खरा निर्णय इथेच होतो. रोरोत गाडी चालवत जहाजावर नेतात म्हणजे इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग सहसा चालू हवं, चावी अनोळखी लोकांच्या हातात जाते आणि आत सुटे पार्ट सहसा ठेवू देत नाहीत. जुन्या गाडीचे पार्ट नंतर मिळता मिळत नाहीत हो, ते सोबतच आणता आले पाहिजेत! कंटेनरमध्ये बंद पडलेली गाडीही येते, पार्टही येतात, फक्त यादी कस्टम्सला नीट द्या.

मुख्य कागदपत्रं दोन्हीकडे साधारण सारखीच.

चालू, साधी, रोज वापरायची गाडी असेल तर रोरो. दुर्मिळ, बंद पडलेली किंवा पार्टसकट आणायची असेल तर कंटेनरच घ्या, तिथे पैसे वाचवू नका.