टेनिस बॉल स्पर्धेचं यूट्यूब लाइव्ह: चित्र झकास, उशीर मात्र मागून घ्या

यावल तालुक्यातल्या आमच्या गावच्या नाईट टुर्नामेंटला यंदा जळगावच्या एका पार्टीकडून यूट्यूब लाइव्ह आणि ऑनलाइन स्कोअर अशी दोन्ही कामं घेतली. दिवसाचे साडेआठ हजार, दोन कॅमेरे, स्कोअरर त्यांचाच. चित्र स्वच्छ, पोरं वेळेवर.

मी समितीत पंचांचं काम बघतो, त्यामुळे माझी नजर भलतीकडे, म्हणजे सट्ट्याकडे असते. चहाच्या पैजा सोडा. २०२२ मध्ये गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूरला शेतमजुरांना जर्सी चढवून खोटी आयपीएल भरवली होती; यूट्यूबवर दाखवून रशियातल्या लोकांकडून सट्टा घ्यायचे. आपली स्पर्धा खरी, पण कॅमेरा लागला की तीही बुकीच्या कामाची होते.

म्हणून आम्ही अट घातली, चित्र पाच मिनिटं उशिरा सोडा. ‘भाऊ, व्ह्यू पडतील.’ पडू द्या! शिळं चित्र बघून बॉलबॉलला भाव द्यायची कोणा बुकीची छाती होत नाही, कारण मैदानावरच्याला निकाल आधीच कळलेला असतो. मग त्याला आपला माणूस इथे बसवावा लागतो. आणि आमच्या मैदानावर परका गडी कानाला फोन लावून दोन ओव्हर बसला, की पोरंच जाऊन विचारतात, ‘काय भो, कोणाकडचे पाहुणे?’

पण या पार्टीने उशीर फक्त चित्राला दिला. स्कोअरचं अ‍ॅप बॉल पडताक्षणी हलत होतं. पहिली रात्र तशीच गेली. सांगितल्यावर ओव्हर संपल्यावर एकदम नोंद टाकू लागले. शिवाय स्क्रीनच्या कोपऱ्यात पैसे लावायच्या एका अ‍ॅपची पट्टी. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यात अशा जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पट्टी काढली, तोंड वाकडं करूनच.

खरे पैसे वसूल झाले रेकॉर्डिंगमध्ये. सेमीफायनलला एका ओव्हरमध्ये चार वाइड पडले आणि लगेच ‘सेटिंग, सेटिंग’ सुरू. दोन्ही कप्तानांना बसवून दाखवलं. दवाने ओला झालेला बॉल त्या पोराच्या हातातून निसटत होता, आधीच्या ओव्हरमध्ये समोरच्या टीमच्या बॉलरचंही तेच झालेलं. ओरडणारे गप्प.

पाचपैकी साडेतीन. पुढच्या वर्षीही यांनाच बोलावू, पण स्कोअरचा उशीर आणि जाहिरात आधी कागदावर. रेकॉर्डिंग त्याच रात्री पेनड्राइव्हवर घ्या, ‘उद्या पाठवतो’ ऐकू नका.